हीराभाईची कप्तानी

सुरतेहून परत आल्यावर शाळेच्या स्टाफरूममध्ये मला दोनच प्रश्न विचारले गेले. घारी आणली का, आणि तिकडं अजून उंदीर मरतात का. प्लेग होऊन दोन वर्षं उलटली होती, तरी आमच्या तालुक्यात सुरत म्हटलं की लोक नाकाला रुमाल लावत. घारी, तिथली खव्याची मिठाई, आणली होती, ती वाटली. मेलेला उंदीर एकही दिसला नाही, तेही सांगितलं. ज्या सामन्यासाठी गेलो होतो त्याचं काय झालं, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन काढलं नाही. ते इथं लिहितो.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. बारा-तेरा वर्षं कबड्डी खेळलो, गुडघा गेल्यावर पंच झालो. पंचगिरीनं माणसाचा स्वभाव बिघडतो. रेषेजवळ आलेला प्रत्येक पाय चोराचा वाटायला लागतो. घरी दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांकडे मी याच नजरेनं बघतो, असं बायकोचं म्हणणं आहे, आणि ते खोटं नाही.

हीच नजर हवी म्हणून माझ्या मावसभावानं, भिलानं, मला बोलावलं होतं. भिला वीस वर्षांपूर्वी गाव सोडून सुरतेला गेला. आधी यंत्रमागावर होता, आता त्याचं पान-तंबाखूचं दुकान आहे आणि तो तिथल्या आमच्या लोकांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. मंडळाचा कबड्डीचा संघ आहे. बहुतेक खेळाडू मागावर कामाला. त्यानं लिहिलं होतं, 'आप्पा, गेल्या साली चलथाणच्या संघानं आपल्याला फायनलला पाडलं. आपण पकडीला कुठून जाणार हे त्यांच्या चढाईवाल्याला आधीच माहीत असतं. आतून कोणीतरी सांगतं. तू चार दिवस ये आणि शोधून दे.'

नाताळच्या सुट्या होत्या. मी गेलो.

उधना

उधन्याला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ झाले असतील. पहिली गोष्ट खटकली ती रस्त्याची. रस्ता स्वच्छ होता. कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग नाही, गटारावर झाकण. इतका स्वच्छ रस्ता असेल तर घाण कुठंतरी लपवलेली असणार, असं वाटून मी भिलाच्या मागे चालताना गल्ल्यांत डोकावून बघत होतो. कुठं सापडली नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. यंत्रमागाच्या शेडला तिथं 'खातं' म्हणतात. घराला लागून खातं, खात्याला लागून घर. भिंतीतून खटाखट-खटाखट चालूच. भिलाच्या घरी सगळे ओरडून बोलत. मला आधी वाटलं नवरा-बायकोचं भांडण झालंय आणि मी नको त्या वेळी आलोय. मग कळलं की ती विचारत होती, भाकरी कळण्याची करू का साधी.

तिनं भाकरी कळण्याचीच केली, पण वरणात साखर घातली होती. मी चमचा खाली ठेवला.

"आप्पा, इकडं असंच असतं," भिला म्हणाला. "पोरांना तेच आवडतं आता."

पोरं म्हणजे त्याचे दोन मुलगे. आपसात गुजरातीत बोलत होते. बापानं अहिराणीत काही विचारलं की हिंदीत उत्तर देत. मी भिलाकडे बघितलं, त्यानं नजर चुकवली. खानदेशी माणसांचं मंडळ चालवणाऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरापर्यंत गुजराती आली होती.

जेवण झाल्यावर त्यानं मूळ विषय काढला. तो अहिराणीत बोलला, मी इथं सगळ्यांना कळेल असं लिहितो.

"आपला कप्तान हिरामण. आपल्याच तालुक्याचा. पण इथं त्याला हिरामण कोणी म्हणत नाही. हीराभाई म्हणतात. खात्यात मास्टर झालाय, बारा कारागिरांवर. शेठ लोकांत बसतो. त्याचा शेठ कामरेजचा, आणि शेठचा मेहुणा चलथाणच्या संघाला दरवर्षी बूट-बनियन घेऊन देतो. आता तूच जोड."

मी जोडलं. जोडायला मला वेळ लागत नाही.

"आणि आपली मैदानातली बोली काय आहे?" मी विचारलं. पकडीच्या वेळी बचाव करणारे एकमेकांना शब्द देतात. चढाईवाल्याला न कळणारा शब्द असेल तर तो शब्द म्हणजे एक जास्तीचा खेळाडूच.

भिला हसला. "साधं आहे. 'आठे' म्हणजे डाव्या कोपऱ्यातून धरायचं. 'तठे' म्हणजे उजव्या. 'बठ्ठा' म्हणजे सगळ्यांनी मिळून. गुजराती माणसाच्या बापाला कळणार नाही."

आठे म्हणजे इथं, तठे म्हणजे तिथं, बठ्ठा म्हणजे सगळा. आमच्या आजोळची भाषा सुरतेच्या मैदानावर गुप्त हत्यार झाली आहे, हे ऐकून मला खरंच अभिमान वाटला.

संध्याकाळी खाडीकाठच्या मोकळ्या जागेत सराव बघायला गेलो. पाच जण रातपाळीचे, झोपून उठून आलेले. बाकीचे दिवसपाळीचे, पण ते तर सातला सुटतात. साडेपाचला इथं कसे?

"हीराभाईनं त्यांच्या शेठ लोकांशी बोलून दोन तास आधी सोडायला लावलं," कुणीतरी म्हणालं.

शेठ लोक कुणाला फुकट दोन तास आधी सोडतात? मी ते मनात टिपून ठेवलं.

हिरामण आला. तिशीचा, आडव्या हाडाचा, केसांवर सुताची पांढरी धूळ. माझ्या पायाला हात लावून म्हणाला, "सर, तुमी उनात, बरं जयं. गावले पानीपाऊस कसा शे?"

तुम्ही आलात, बरं झालं, गावाकडे पाऊसपाणी कसं आहे. चांगली, घरची अहिराणी. मला गोड वाटायला हवं होतं. पण मी विचार करत होतो, हा इतकी चांगली अहिराणी मला मुद्दाम तर ऐकवत नाही ना?

कारण सराव सुरू झाल्यावर तो निराळंच बोलू लागला. एका पोराला गुजरातीत "पाछळ रहे, पाछळ" म्हणून मागे ठेवलं. उजव्या कोपऱ्यात गजानन होता, वाशीमकडचा. त्याला हिंदीत समजावलं. भिलाचा मेहुणा वसंत कव्हरला खेळायचा, त्याच्याशी अहिराणीत बोलला. तीन माणसांशी तीन भाषा. ठरलेला 'आठे' त्यानं तासाभरात दोनदाच उच्चारला, तोही पडलेल्या आवाजात.

मध्ये वसंत माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बघा सर. आपली बोली असताना त्याला लाज वाटते."

तापीकाठ

दुसऱ्या दिवशी भिलानं पोंक खायला नेलं. आपला हुरडा आणि सुरतेचा पोंक यांत फरक आहे. आपण शेतात आगटी करून कणसं भाजतो, चोळतो, तोंड काळं करून घेतो. इथं नदीकाठी ओळीनं दुकानं, भाजलेले हिरवे दाणे तराजूत मोजून, वर तिखट शेव आणि साखरेचे दाणे. कोवळा होता, चांगलाच होता. मी दोनदा घेतला. दुकानदारानं मला मराठी बोलताना ऐकून भिलाला गुजरातीत काही विचारलं आणि दोघं हसले.

"काय म्हणाला?"

"काही नाही. पाहुणे नवीन दिसतात म्हणाला."

इतक्या लांब वाक्याचा इतका छोटा अर्थ नसतो. मी बाकीचा पोंक पुडीत बांधून घेतला. परमुलखात कानाला अर्धंच कळतं, उरलेलं माणूस आपल्या स्वभावाप्रमाणे भरून काढतो. हे मला आता कळतं. त्या वेळी मी स्वतःला हुशार समजत होतो.

पलसाणा

शुक्रवारी आमच्या भागाला विजेची सुट्टी. खाती बंद. त्या दिवशी पलसाण्याला उपांत्य सामना होता. हमरस्त्याच्या कडेला रंगाई-छपाईचे कारखाने आहेत. पलीकडून वाहणारा नाला पाहिला तर पाणी जांभळं, आणि थोडं पुढे गेल्यावर पोपटी. मैदान चांगलं होतं, माती चाळलेली.

समोरचा संघ हलका होता. आम्ही सहज जिंकलो. हिरामण डाव्या कोपऱ्यात खेळला. त्याची घोट्याची पकड मी आयुष्यात पाहिलेल्या चांगल्या पकडींपैकी होती, हे पंच म्हणून लिहिलं पाहिजे. वाकायचा नाही, झेप घ्यायचा नाही. चढाईवाला वळला की तो आधीच खाली असायचा.

सामना संपल्यावर सगळे खमण खायला गेले. मी पाणी शोधत मंडपाच्या मागच्या बाजूला गेलो आणि तिथं हिरामण दिसला. त्याच्यासमोर उंच, सडसडीत माणूस उभा होता. गेल्या वर्षीचा फोटो भिलाच्या दुकानात लावलेला होता, त्यामुळे लगेच ओळखलं. चलथाणचा चढाईवाला आणि कप्तान, ईश्वर. त्यांचा सामना आमच्याआधी झाला होता, म्हणजे अंतिम सामन्यात तोच आमच्यापुढे येणार होता.

दोघं गुजरातीत बोलत होते. मी कापडी पडद्याच्या आड थांबलो. सगळं कळत नव्हतं. तुकडे कळले.

"अमारा पांच जण…" हिरामण म्हणाला. मग पुढचं गेलं. मग "…चार वागे…" मग ईश्वर काहीतरी म्हणून हसला आणि त्यानं हिरामणच्या खांद्यावर हात ठेवला. आणि मग हिरामण म्हणाला, आणि हे मला स्वच्छ कळलं, "कोईने कहेता नहीं."

कुणाला सांगू नका.

मला दुःख झालं असं म्हणणं बरोबर ठरणार नाही. आनंद झाला होता. दोन दिवसांत पकडला, असं वाटलं.

भिलाचं दुकान

शनिवारी दुपारी चलथाणहून निरोप आला की अंतिम सामना रविवारी सकाळी नऊऐवजी दुपारी चारला होईल. आमच्यापैकी कुणीच तशी मागणी केली नव्हती. पडद्याआड ऐकलेलं मी भिलाला सांगितलं होतं; त्यानं माझ्याकडे बघितलं. "चार वागे," मी म्हणालो.

संध्याकाळी दुकानासमोर संघाला बोलावलं. रातपाळीचे पाच जण कामावर जाण्याआधी दहा मिनिटं आले होते. मी पलसाण्याला जे ऐकलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. हिरामणचं नाव घेऊनच सांगितलं. पडद्याआडून बोलणारा मी नव्हे, असं काहीतरी वाक्यही टाकलं, म्हणजे बघा.

सगळे हिरामणकडे बघायला लागले.

"भेटनू व्हतू," तो म्हणाला. भेटलो होतो.

"कशासाठी?" भिला म्हणाला.

त्यानं रातपाळीच्या पोरांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "ते सामन्यानंतर सांगसू. वाईट काई नई."

"वाईट नाही तर आत्ता सांग," मी म्हणालो. "आणि चलथाणवाल्याला आपले डाव आधी कसे कळतात, तेही सांग. तू आपल्याच माणसांशी आपल्या भाषेत का बोलत नाहीस, हे पण सांग. हिरामण नाव होतं ना तुझं? हीराभाई कधी झालास?"

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. त्याचा चेहरा उतरला नाही, रागावलाही नाही. कुणी तोंडावर दार लावावं तसा तो आतल्या आत बंद झाला.

"कप्तान कोनले बी करा," एवढंच म्हणाला. "मी कोपरामा खेयसू." कोपऱ्यात खेळेन.

भिलानं लगेच वसंतचं नाव घेतलं. वसंत त्याचा सख्खा मेहुणा. प्रत्येक पायात चोर बघणाऱ्या मला त्यात काही खटकलं नाही. गजानन काही बोलणार होता, "पण सर, मी काय म्हंतो…" असं त्यानं सुरूही केलं, पण पाळीची वेळ झाली होती आणि वसंतनं टाळ्या वाजवून सांगितलं, "उद्या फक्त आपली बोली. जो हिंदी-गुजराती बोलेल तो बाहेर." सगळ्यांनी होकार दिला. मला वाटलं, आता हा संघ झाला.

चलथाण

चलथाण साखर कारखान्याचं गाव. हवेत मळीचा गोडसर आंबूस वास, रस्त्यावर उसाच्या गाड्या, कडेला पाचटाच्या झोपड्यांची रांग. झोपड्यांपुढे बायका चुली पेटवत होत्या. टेम्पोतून जाताना त्यांतल्या एकीनं मुलाला हाक मारली ती माझ्या कानावर पडली. ओळखीची वाटली. पण टेम्पो पुढे गेला, आणि मी ईश्वरला कसं अडवायचं याचा विचार करत होतो.

मैदानाभोवती हजारेक माणूस असेल. रातपाळीची पाचही पोरं ताजीतवानी दिसत होती. सातला सुटून दोनपर्यंत झोपली होती. हेही मी पाहिलं, आणि त्यातूनही काही जोडलं नाही.

पहिला डाव कसा गेला ते थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. ईश्वर चढाईला आला. वसंत ओरडला, "आठे!" ईश्वर डाव्या कोपऱ्याकडे फिरकलाच नाही, उजवीकडे गेला आणि गजाननला हात लावून परतला. पुन्हा आला. "तठे!" तो डावीकडे गेला. तिसऱ्यांदा वसंत "बठ्ठा!" म्हणाला तर गजानन जागेवरच उभा राहिला. बाकीचे धावले, साखळी तुटली, आणि त्या फटीतून ईश्वर तीन गडी घेऊन गेला. थोड्या वेळानं आमच्यावर लोण चढला, म्हणजे सातही जण बाद.

हिरामण कोपऱ्यात होता. सांगितलं तेवढं करत होता. त्याचं तोंड मिटलेलं.

कुणी फितूर आहे म्हणावं तर डाव आधी ठरलेच नव्हते. वसंत उभ्या उभ्या ठरवून ओरडत होता. अर्ध्या वेळेला आम्ही अकरा गुणांनी मागे होतो.

मध्यंतर पाच मिनिटांचं. मी पाण्याच्या पिंपाकडे गेलो. पुढ्यात ईश्वर होता. त्यानं भरलेला पेला मला दिला आणि म्हणाला, "ल्या भाऊ. कथाईन उनात?"

घ्या भाऊ, कुठून आलात. माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

"तुले अहिराणी येस?" मी विचारलं.

"तर मंग!" तो हसला. त्याच्या बोलण्यात गुजराती हेल होता, पण शब्द आमचे होते. त्याचे वडील ऊसतोडीच्या टोळ्यांवर मुकादम होते. दर हंगामाला खानदेशातून माणसं यायची, त्याच्या घरामागेच झोपड्या घालायची. वर्षातले पाच-सहा महिने तो त्यांच्याच मुलांत खेळायचा. "तुमना पोऱ्या आठे-तठे वरडतस, माले बठ्ठं समजस. गये सालले बी समजे. माले वाटे तुमले माहीत शे."

मला वाटत होतं तुम्हाला माहीत असेल. इतकं साधं. कुणी फितूर नव्हतं. ज्या झोपड्यांवरून आमचा टेम्पो आला, त्याच झोपड्यांनी त्याला आमची गुप्त भाषा शिकवली होती.

"आणि परवा हिरामण तुला पलसाण्याला भेटला, ते?"

तो जरा घुटमळला. मग अहिराणीतच म्हणाला, "आता सामना चालूच झालाय, सांगायला हरकत नाही. त्याची पाच पोरं रातपाळीची. सकाळी नऊला खेळवली तर उभ्या उभ्या झोपतील म्हणाला. वेळ बदलायला दोन्ही कप्तान राजी लागतात. मला पण झोपलेल्या लोकांना हरवायचं नव्हतं. फक्त कुणाला सांगू नका म्हणाला. पोरांना कळलं की कप्तानानं समोरच्यापुढे हात जोडले, तर त्यांना कमीपणा वाटेल."

मी पाणी न पिताच परत आलो. आमच्या गोलात वसंत गजाननवर ओरडत होता, "बठ्ठा म्हटलं तर हललास का नाही?"

"मले समजत नाही ना भाऊ!" गजाननच्या डोळ्यांत पाणी होतं. "दोन वर्सं झाले, कोणी विचारलं का मले? आमच्याकडं बठ्ठा म्हनजे काय ते कोनाले मालूम! हिरामणभाऊ हिंदीत सांगे तवा समजे. त्यानं तर मांगंच म्हटलं होतं, खात्यातल्या खुना वापरू, सगळ्याइले येतात. पन भिलाभाऊ म्हने आपली भाषा सोडाची नाही. कोनाची आपली? माही तर नाही ना."

गुजराती शाळेत शिकलेलं एक पोरगं खाली बघून म्हणालं, "मलाही अर्धंच कळतं."

दोन मिनिटं उरली होती. मी सगळ्यांसमोर ईश्वर जे बोलला ते सांगितलं. मग म्हणालो, "हिरामण, माझं चुकलं. कप्तानी तू घे. तुझी आहे."

तो माझ्याकडे न बघता बुटाची नाडी बांधत होता. "वेळ कमी आहे, सर," तो म्हणाला. "तुम्ही बसून घ्या."

मग त्यानं सगळ्यांना जवळ घेतलं. खात्यात मागांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. वाकवलेलं बोट म्हणजे तार तुटली (मागावरच्या धाग्याला तिथं तार म्हणतात), मूठ म्हणजे माग बंद कर, खाली धरलेला तळहात म्हणजे थांब, राहू दे. त्यानं एकही शब्द न बोलता तीन खुणा दाखवल्या आणि प्रत्येक खुणेला मैदानातली जागा दाखवली. गजाननकडे बघून भुवया उंचावल्या. गजानननं मान हलवली. वसंतनंही हलवली, हे त्याच्या बाजूनं लिहिलं पाहिजे.

दुसरा डाव मी पाहिला तसा पुन्हा पाहायला मिळणार नाही. आमच्या बाजूनं आवाजच नव्हता. प्रेक्षक ओरडत होते आणि आतले सात जण मुके. ईश्वर आला, कान देऊन थांबला, काहीच ऐकू येईना. हिरामणनं छातीपाशी बोट वाकवलं. ईश्वरनं ते पाहिलंही, पण तो उसातला माणूस, त्याला तार कुठली माहीत? गजानन खाली गेला आणि घोटा धरला. सगळा संघ वर पडला. नंतर मूठ, मग तळहात, मग पुन्हा बोट. लोण फेडला. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो, मग दोन.

तीन गुणांनी हरलो.

पहिल्या डावातल्या अकरा गुणांचा हिशेब कुणी मांडला नाही. मांडायची गरज नव्हती. ईश्वर येऊन हिरामणला कडकडून भेटला. टेम्पोत पोरं मागे बसली आणि मी पुढे भिलाजवळ. पलसाण्याचा फाटा गेल्यावर भिला म्हणाला, "तरी त्यानं आधी सांगायला पाहिजे होतं." मागे कुणीतरी हसलं, बहुतेक गजानन, आणि मला प्रथम वाटलं की ते मलाच हसतायत.

लिंबायत

सोमवारी दुपारची माझी गाडी होती. सकाळी मी पत्ता विचारत हिरामणच्या घरी गेलो. भिलाला सांगितलं नाही. दोन खोल्या, बाहेर तुळशीचा डबा, भिंतीपलीकडे खातं. विजेचा काही घोटाळा असावा, माग बंद होते, त्यामुळे गल्लीत चमत्कारिक शांतता होती.

त्यानं दार उघडलं. खुर्ची पुसून दिली.

"बैठिए साहब," तो म्हणाला.

मी रात्रभर वाक्य जुळवलं होतं, ते घरच्या बोलीतच म्हटलं. "हिरामण, मनं चुकनं. तुना घरमा ई सन सांगी रायनू." तुझ्या घरी येऊन सांगतोय.

"उसमें क्या है, साहब. खेल में होता है." आवाज अगदी नम्र होता. "सफर में तकलीफ तो नहीं हुई थी?"

मी पुन्हा अहिराणीत विचारलं, घरी आई-वडील कसे आहेत, गावाकडे येणार का उन्हाळ्यात. त्यानं प्रत्येक प्रश्नाचं पूर्ण उत्तर दिलं, हिंदीत. हिंदी चांगली होती, परक्या साहेबाशी बोलावं तशी स्वच्छ. एकदाही त्याची जीभ घसरली नाही. मला आधी वाटलं रागात आहे, ओसरेल. मग वाटलं हे ढोंग आहे, मुद्दाम शिक्षा देतोय. त्याच्या चेहऱ्यावर दोन्हीपैकी काही दिसेना. ज्यानं एका वाक्यात मला आपला म्हणून जवळ केलं होतं, त्यानं आता मला योग्य त्या अंतरावर बसवलं होतं. तिथं माझा मान होता, चहा होता, आणि बाकी काही नव्हतं.

आतून त्याची चार-पाच वर्षांची मुलगी आली, त्याच्या मांडीवर चढली आणि गुजरातीत काहीतरी मागू लागली. तो तिच्या कानापाशी वाकून अहिराणीत बोलला, हळू, लाडानं. ती खुदकन हसली.

मग त्यानं आतल्या खोलीकडे वळून बायकोला आवाज दिला, "चहा लवकर दे वं. पाहुनासनी गाडी शे. त्यासले उशीर व्हई."

माझ्यासमोर तो माझ्याबद्दल अशा आवाजात बोलला, की जणू समोर बसलेल्या माणसाला ही भाषा कळतच नाही.

चहा आला. गवती चहा आणि पुदिना घातलेला. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो, कप खाली ठेवला, उठलो आणि हिंदीत म्हणालो, "चलता हूँ, हीराभाई."

"आइए साहब," तो म्हणाला, आणि मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला.